दहा दिवसांच्या बॅटरीचे जनक यांस

प्रति,
स्मार्टवॉचच्या खोक्यावर '१० दिवस बॅटरी' असं ठसठशीत छापणारे मा. महोदय,



हे पत्र बुलढाणा जिल्ह्यातून लिहितोय. कंपनीचं नाव घेत नाही, पण आपलं अक्षर आता ओळखीचं झालंय. '१० दिवस' अंगठ्याएवढ्या टायपात, आणि त्याच्या डोक्यावर एक इवलीशी चांदणी. तिचा अर्थ खोक्याच्या तळाशी, बारकोडच्या आडोशाला सापडला. ब्राइटनेस कमी ठेवावा, ब्लूटूथ कॉलिंग बंद असावं, हृदयाचे ठोके अधूनमधूनच मोजावेत. थोडक्यात, ज्यासाठी घड्याळ घेतलं ते सगळं बंद केलं की घड्याळ चालतं. वा! सगळं बंदच ठेवायचं तर कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू काय वाईट? १९८९ पासून मिळतंय, एका सेलवर ७ वर्षं चालतं, आणि डोक्यावर चांदणी नाही.

आपलं गिऱ्हाईक म्हणजे माझा पुतण्या. पोलीस भरतीची तयारी करतो, रोज पहाटे १,६०० मीटर धावतो. खोक्यावर 'जीपीएस' वाचून पोरगं हरखलं. मैदानात उतरल्यावर कळलं की जीपीएस घड्याळात नाहीच, ते फोनकडून उसनं घ्यायचं. म्हणजे अंतर नीट मोजायचं तर चड्डीच्या खिशात फोन आदळत ठेवून पळायचं. कॉलिंग चालू ठेवलं, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, "काका, घडी बंद पडली." पडणारच. फोनच्या पोटात पाच हजार एमएएच असतात, मनगटावर जेमतेम दोनशे-तीनशे. तेवढ्यात झगझगीत स्क्रीन, स्पीकर, माइक आणि ठोके मोजणारा हिरवा दिवा पोसायचा. यात चूक विज्ञानाची नाही, आपल्या टायपाची आहे.

आपण कधी आमच्या जिल्ह्यात घाटाखालच्या भागात आलात का? मे महिन्यात या. शेगाव-खामगाव-मलकापूरकडे पारा ४४ च्या आसपास असतो. भर उन्हात आपली सुंदर स्क्रीन वाचायला ब्राइटनेस पूर्ण करावा लागतो, आणि चांदणीला नेमकं तेच मंजूर नाही. शिवाय अशा उष्णतेत लिथियमची बॅटरी लवकर म्हातारी होते, ते वेगळंच. अमेझफिटच्या पहिल्या बिपची स्क्रीन उन्हाच्याच उजेडात वाचता यायची. रंग फिके, फोनवर बोलायची सोय नाही, पण कंपनी ४५ दिवस सांगायची. काय सोडून काय मिळवायचं, हा सौदा गिऱ्हाइकाला तिथे उघड दिसत होता. आपण तो तळाशी पुरलात.

शेतीच्या मोटारीला लाइन रात्रपाळीची असली की शेतकरी गजर लावून झोपतो. गजर वाजायच्या आधी घड्याळच झोपलं तर? चार्जर घ्यायला जावं तर तोही आपला खास, मॅग्नेटवाला. शेजाऱ्याच्या घड्याळाचा चिकटत नाही, तालुक्याच्या बाजारात मिळत नाही.

मोठे दावे तर आमच्याकडेही होतात. आमच्या जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पीक-पाण्याचं भाकीत चारचौघांत सांगतात. ते खरं किती, खोटं किती, यावर वाद घाला. पण सांगणारा चांदणी लावून सटकत नाही. पुढच्या वर्षी त्याला त्याच लोकांसमोर उभं राहायचं असतं.

खरं छापता येत नाही, असं तर म्हणूच नका. गार्मिन आपल्या फोररनर ५५ ला साध्या वापरात २ आठवडे आणि जीपीएसवर २० तास असे दोन आकडे वेगवेगळे देते. ॲपलने २०१५ च्या पहिल्या घड्याळाला सरळ १८ तास सांगितले होते. तरी ते खपलं. आपणही एवढंच करा: सगळं चालू असताना किती तास, तो आकडा त्याच अंगठ्याएवढ्या टायपात छापा. बाकीचे १० दिवस तळाशी टाका, आम्ही भिंग घेऊन वाचू.

आपला,
एक बुलढाणेकर गिऱ्हाईक

ता.क. (हे वाचकांसाठी) : दुकानात आधी तीन गोष्टी विचारा. जीपीएस घड्याळातलं की फोनचं? कॉलिंग चालू ठेवलं तर किती दिवस? चार्जर हरवला तर कुठे मिळेल? दुकानदार '१० दिवस'वर बोट ठेवून हसला, तर खोकं त्याच्यासमोरच उलटं करा.