सत्तावीस–शून्य

खेळात जिंकावं, पण किती जिंकावं याला काही सुमार असतो. 1921 च्या हिवाळ्यात ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या आइस हॉकी संघाने केंब्रिजला 27–0 असं लोळवलं. तासाभराचा खेळ धरला, तर दर सव्वादोन मिनिटांना एक गोल. केंब्रिजचा गोलरक्षक निदान कामात तरी होता. मला कीव येते ती ऑक्सफर्डच्या गोलरक्षकाची. ऐन थंडीत एका जागी खिळून पलीकडच्या टोकाची गंमत बघत राहायचं, ही काय कमी शिक्षा?

सामना झाला स्वित्झर्लंडमधल्या म्युरेनला. ऑक्सफर्डला तेव्हा बर्फाचं मैदानच नव्हतं. इंग्लंडात पाऊस हवा तेवढा, पण बर्फाचा भरवसा नाही. म्हणून दोन्ही विद्यापीठं आपलं पिढीजात भांडण घेऊन आल्प्समध्ये जायची. म्युरेन हे साडेसोळाशे मीटर उंचीवरचं खेडं. समोर आयगर, मोंक आणि युंगफ्राउ. अशा जागी माणसाने खरं तर लोकरी शाल पांघरून नुसतं बसावं. पण तरुण पोरांना कोण सांगणार?

ऑक्सफर्डच्या पराक्रमात ऑक्सफर्डचा वाटा तसा बेताचाच. संघ म्हणायला विद्यापीठाचा, पोरं बहुतेक कॅनडाची. शिष्यवृत्ती देताना नुसते पुस्तकी किडे निवडू नका, मैदानी खेळांची आवडही बघा, असं सेसिल रोड्स मृत्युपत्रात लिहून गेला होता. त्या शिष्यवृत्तीवर कॅनडातून जी मुलं आली, ती चालायला शिकली तेव्हापासून बर्फावरच होती. मालवणच्या पोराची सोलापूरकराशी पोहण्याची शर्यत लावावी, तसलाच हा प्रकार. लोकांनी तर संघाचं नावच ‘ऑक्सफर्ड कॅनेडियन्स’ करून टाकलं. दोन वर्षांनी, 1923 मध्ये, दाव्होसला पहिला स्पेंगलर चषक झाला, तोही ऑक्सफर्डनेच नेला.

या संघात लेस्टर पियर्सन नावाचा एक तरतरीत खेळाडू होता. ऑक्सफर्डला येण्याआधी त्याने मांसाच्या कारखान्यात सॉसेज भरण्याचं कामही केलं होतं. बर्फावर तो असा काही वळणं घेत सुटायचा, की स्विस प्रेक्षकांनी त्याला ‘हेर झिगझॅग’ म्हणायला सुरुवात केली. पुढे सुएझच्या पेचात संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना उभी केल्याबद्दल 1957 चं शांततेचं नोबेल याच गृहस्थांना मिळालं. माणूस बदलतो म्हणतात. पण केंब्रिजच्या मंडळींनी ती बातमी वाचली असेल, तेव्हा ‘शांतता’ या शब्दापाशी त्यांची नजर क्षणभर अडखळली असणार!

त्याच काळातला त्याचा संघमित्र रोलंड मिचेनर. हे दोघं पुढे राजकारणात पडले, तेही एकमेकांच्या विरुद्ध पक्षांत. 1957 मध्ये मिचेनर कॅनडाच्या हाउस ऑफ कॉमन्सचे अध्यक्ष झाले आणि समोर विरोधी बाकांवर पियर्सन. एकेकाळी ज्याच्याकडे चेंडूऐवजी रबराची चकती सरकवायची, त्यालाच आता ‘माननीय सदस्यांनी खाली बसावं’ म्हणायची वेळ. पियर्सन 1963 मध्ये पंतप्रधान झाले. त्यांनी या जुन्या गड्याला 1964 मध्ये उच्चायुक्त म्हणून थेट दिल्लीला पाठवलं. तीन वर्षं दिल्लीचा उन्हाळा काढल्यावर 1967 मध्ये तेच मिचेनर कॅनडाचे गव्हर्नर जनरल झाले. सोय बघून पक्ष आणि मित्र दोन्ही बदलण्याची सवय झालेल्या आपल्या डोळ्यांना हे जरा विचित्रच दिसतं.

टोरंटोच्या विमानतळाला 1984 पासून पियर्सन यांचं नाव आहे. लेकीच्या बाळंतपणासाठी किंवा मुलाचं नवं घर बघायला तिकडे निघालेल्या आजी-आजोबांना एवढंच सांगणं: इमिग्रेशनच्या रांगेत कंटाळा आला, तर शेजारच्याला या हेर झिगझॅगची गोष्ट सांगा. रांगही तशीच वळणं घेत जाते, गोष्ट पुरून उरेल.