चेहरा-ओळख प्रणालीस अनावृत पत्र

मा. चेहरा-ओळख प्रणाली,
मुक्काम अंगणवाड्यांचे पोषण ट्रॅकर ॲप, यांच्या सेवेशी,

‘टीएचआर’, म्हणजे सहा महिने ते तीन वर्षे वयाची बालके, गर्भवती आणि स्तनदा माता यांना अंगणवाडीतून घरी नेण्यासाठी मिळणारा आहार, चेहरा जुळल्याखेरीज देऊ नये असा दंडक 1 जुलै 2025 पासून लागू झाला आणि प्रणालीमहोदया अंगणवाडीच्या दारात स्थानापन्न झाल्या, याबद्दल त्यांचे अभिनंदन करणे उचित ठरते. 1975 साली 33 प्रकल्पांनिशी सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेला तोवर अंगणवाडीताईंच्या ओळखीवर भागवावे लागत होते. जिने गरोदरपणाची नोंद केली आणि पुढे बाळाचे वजनही घेतले, तिला त्या बाळाची आई ओळखता येते, हे गृहीतक अर्थातच भाबडे होते.

महोदयांची शिस्त वाखाणण्याजोगी आहे. आधी ई-केवायसी, म्हणजे आधारद्वारे ओळखीची पडताळणी. तिचा ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो पुष्कळदा नवऱ्याच्या खिशात असतो आणि नवरा मजुरीसाठी परगावी. मग छायाचित्र, आणि मेळघाटासारख्या मुलखात रेंजची आराधना. एवढे सोपस्कार उरकून आहाराचे पाकीट मिळवणाऱ्या मातेच्या सहभागाविषयी शंका उरत नाही. जी रिकाम्या हाती परतली ती आहार घेतलेल्यांच्या आकड्यात नसतेच, त्यामुळे गळती रोखण्याचा याहून निर्दोष उपाय संभवत नाही.

मात्र प्रणाली ओळखते तो चेहरा पाकीट घेणारीचा, खाणाऱ्याचा नव्हे. पाकिटातले मिश्रण मुले तोंडात धरत नाहीत आणि ते जनावरांपुढे जाते, ही तक्रार जुनी आहे. आवडलेच तर ते घरभर वाटले जाते, आणि आईच्या वाट्याला काय उरते हे कोणताही कॅमेरा टिपत नाही. याउलट 2015 पासून राज्याच्या आदिवासी भागांत राबवल्या जाणाऱ्या अमृत आहार योजनेत गर्भवती व स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार, म्हणजे डाळ, भात, भाकरी वा पोळी, भाजी आणि अंडे असे ताजे जेवण, अंगणवाडीतच वाढले जाते, त्यामुळे कोण जेवले हे वाढणारीला दिसते. तेथे अडते ते निधी रखडल्यावर. आणि निधीचा चेहरा ओळखणारी प्रणाली अद्याप कोणी बसवलेली नाही.

तेव्हा महोदयांनी काही काळ आपला मुक्काम निधी वितरित करणाऱ्या कार्यालयांत हलवावा, अशी नम्र विनंती आहे. गरोदरपणात आणि प्रसूतीनंतर सहा महिने स्थानिक अंगणवाडीमार्फत विनामूल्य आहार मिळण्याचा हक्क 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 4 ने दिला आहे, आणि त्या कलमात चेहऱ्याचा उल्लेख नाही.