अखंड फिरणाऱ्या पंखेरावांस खुले पत्र

रा. रा. पंखेराव, मुक्काम पोस्ट लॅपटॉप, कीबोर्डखालचा डावा कोपरा, यांस

स. न. वि. वि.

तुमच्याविरुद्धच्या तक्रारी आता कानाआड करण्यासारख्या राहिलेल्या नाहीत. लॅपटॉप उघडल्यापासून मिटेपर्यंत तुम्ही घोंघावत असता, ऑनलाइन मीटिंगमध्ये कुणी न विचारता बोलत राहता, आणि मालक दोन ओळींचा रजेचा अर्ज टाइप करत असला तरी तुमची लगबग लग्नघरातल्या वरमाईची असते. शिस्तभंगाची कारवाई म्हणून काहींनी सॉफ्टवेअरने तुमच्या मुसक्या बांधल्या, काहींनी तुम्हाला काढून नवा पंखा बसवला, तर काहींनी खाली आणखी दोन पंख्यांचा स्टँड ठेवून तुमच्या आवाजात त्यांच्या आवाजाची भर घातली. एवढे करूनही घोंघावणे थांबत नाही, तेव्हा तुमचा गुन्हा एकदाचा नक्की करावा आणि शिक्षा जाहीर करावी, म्हणून हे पत्र.

पुरावे मांडायला बसताच अडचण आली ती तुमच्या अधिकारांची. तुम्हाला ते नाहीतच. कधी फिरायचे आणि किती वेगाने, हे तुम्ही ठरवत नाही. प्रोसेसरच्या पोटात तापमान मोजणारे सेन्सर असतात, एम्बेडेड कंट्रोलर नावाची छोटी चिप त्यांचे आकडे वाचते आणि कंपनीने आखून दिलेल्या कोष्टकाप्रमाणे तुम्हाला हुकूम सोडते. ही उष्णता तरी कुठून येते? प्रोसेसर जितके वॅट वीज घेतो, तितकी सगळी शेवटी उष्णताच होते. गणित कितीही बुद्धीचे असो, त्यात साठवून ठेवण्यासारखे काही उरत नाही. ती उष्णता तांब्याची एक चपटी नळी उचलते. नळीत कमी दाबाखाली थोडे पाणी असते. चिपकडच्या टोकाला त्याची वाफ होते, दुसऱ्या टोकाला ती पुन्हा पाणी होते आणि तिथल्या पातळ पत्र्यांना उष्णता देऊन टाकते. त्या पत्र्यांमधून हवा ढकलणे एवढेच तुमचे काम. म्हणजे तुम्ही या यंत्रातले सर्वांत खालच्या पायरीचे नोकर आहात, आणि फक्त तुमचाच आवाज बाहेर ऐकू येतो म्हणून सगळ्या तक्रारींवर नाव तुमचे. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची आपली परंपरा जुनी आहे. ती संगणकापर्यंत पोहोचली, इतकेच.

तरीही तुमचा आवाज एवढा का वाढतो, हे पाहायला हवे, कारण त्यातच खऱ्या आरोपीचा माग आहे. पंख्यांचे गणित क्रूर असते. वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट वाहते, पण त्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते आणि आवाज साधारण १५ डेसिबलने चढतो. उष्णतेत झालेली मध्यम वाढही म्हणूनच कानाला मोठी वाटते. आता प्रोसेसरकडे बघा. इंटेलच्या कोअर आय ५-१२३५यू या साध्या, ऑफिसकामाच्या लॅपटॉपांत सर्रास बसवलेल्या चिपची मूळ मर्यादा १५ वॅटची, पण टर्बो नावाच्या जादा वेगाच्या अवस्थेत ती थोडा वेळ ५५ वॅटपर्यंत जाऊ शकते. पातळ, देखणा, वजनाला हलका असा जो लॅपटॉप दुकानात विकला जातो, त्याची नळी आणि पत्रे हा वरचा आकडा फार वेळ पेलण्यासाठी केलेलेच नसतात. वेगाचा आकडा जाहिरातीत छापला जातो आणि त्याचे बिल तुमच्या नावावर फाटते. पण टर्बो म्हणजे धावण्याची परवानगी. धावायला लावणारा कुणीतरी हवा. मालक तर रजेचा अर्ज टाइप करतो आहे. मग काम कोण सांगते?

याचे उत्तर विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये असते, आणि बहुतेक लोक ते तिथे पाहूनही चुकवतात. यादी उघडली, वरच्या ओळीत १२ टक्के दिसले, ‘एवढ्याशाने काय होते’ म्हणून खिडकी बंद केली. आठ थ्रेडच्या, म्हणजे एका वेळी आठ कामे चालवणाऱ्या, प्रोसेसरवर एक थ्रेड पूर्ण अडकून पडला तर यादीत दिसतात साडेबारा टक्केच. तो एकटा अडकलेला थ्रेड मात्र एका कोअरला सर्वांत वरच्या वेगावर आणि सर्वांत चढ्या व्होल्टेजवर धरून ठेवतो, आणि तुम्ही रात्रंदिवस फिरता. त्यामुळे पाहायचे ते टक्के किती याच्या आधी, ते कुणाचे आहेत आणि दहा मिनिटांनंतरही तिथेच आहेत का. मोठ्या विंडोज अपडेटनंतर शोधाची सूची अनेकदा नव्याने बनते, विंडोजचा अँटिव्हायरस डिफेंडर फायली तपासतो. ही कामे संपणारी आहेत, त्यांच्यासाठी धीर धरावा. न संपणारी वेगळी. विसरलेल्या चाळीस टॅबपैकी एखादी जाहिरातीची स्क्रिप्ट मागे अखंड चालवत असते. जुन्या लॅपटॉपवर यूट्यूब व्हीपी९ किंवा त्यानंतरच्या पद्धतीतला व्हिडिओ पाठवते. तो उलगडण्याची सोय ग्राफिक्स चिपमध्ये नसली की सगळा भार मुख्य प्रोसेसरवर येतो, आणि जुन्या एच.२६४ पद्धतीतच व्हिडिओ मागवणारे छोटे एक्स्टेन्शन टाकले तर निम्मी तक्रार तिथेच मिटते. सप्टेंबर २०१७ ते मार्च २०१९ या काळात चाललेल्या कॉइनहाइव्हने तर कमाल केली: वेबसाइटवर आलेल्या माणसाच्या प्रोसेसरवर त्याला न सांगता मोनेरो हे आभासी चलन खणायचे. तेव्हा हजारो पंखे परक्याच्या कमाईसाठी फिरले, आणि शिव्या पंख्यांनीच खाल्ल्या.

कॉइनहाइव्हला आपण चोर म्हणतो, कारण त्याने विचारले नाही. पण गप्पांचे ॲप, नोट्सचे ॲप आणि संगीताचे ॲप, तिघेही आपापल्या पोटात एकेक अख्खा ब्राउझर घेऊन फिरतात तेव्हा ते तरी कुणाला विचारतात? संगणकशास्त्रज्ञ निकलाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच लिहून ठेवले होते की यंत्रे ज्या गतीने वेगवान होतात, त्याहून जास्त गतीने सॉफ्टवेअर संथ होत जाते. प्रोग्रामरचा आठवडा वाचावा म्हणून लाखो लॅपटॉपांनी रोज थोडी जादा वीज जाळायची, असा हा व्यवहार आहे. यात लिहिणाऱ्याचा खर्च वाचतो आणि वापरणाऱ्याचा वाढतो, आणि वाढलेल्या खर्चाची पावती म्हणून तुम्ही घोंघावता.

यावर कुणी म्हणेल, हे सगळे वकिली पांडित्य झाले. पंखा कधी बिघडतच नाही का? बिघडतो. तुमची वकिली करायची म्हणून हे नाकारता येणार नाही. पण त्याची परीक्षा सोपी आहे. तापमान दाखवणारे एखादे मोफत सॉफ्टवेअर उघडावे आणि कडेच्या झरोक्यासमोर हात धरावा. प्रोसेसर तापलेला आणि हवाही गरम, तर तुम्ही तुमचे काम चोख करत आहात. काम देणाऱ्याला शोधा. प्रोसेसर नव्वदच्या पुढे आणि हवा मात्र कोमट, तर उष्णता पत्र्यांपर्यंत पोहोचतच नाही: चिप आणि नळी यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळली आहे किंवा नळीच निकामी झाली आहे. आवाज भरपूर आणि हवा नावापुरती, तर पंखा आणि पत्रे यांच्यामध्ये धूळ आणि कपड्यांच्या तंतूंची नमद्यासारखी गादी बसली आहे. ती बाहेरून दिसत नाही, आणि बाहेरून हवा मारली तर सुटून तुमच्याच पात्यांवर येते. खालचे झाकण उघडून, पाते बोटाने धरून साफ करावी लागते. पाते मोकळे सोडून ब्लोअर मारला तर ते भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होते, म्हणजे नसलेला बिघाड विकत घेतला. प्रोसेसरही थंड, हवाही थंड, आणि तुम्ही तरी फिरताच आहात, असे असेल तर सेटिंग तपासावे. एचपीच्या अनेक लॅपटॉपांच्या बायोसमध्ये पंखा सतत चालू ठेवण्याचा पर्यायच असतो. तो चालू असला तर तुम्ही हुकमाचे ताबेदार. राहिला घोंघावण्याऐवजी खरखर किंवा टकटक असा आवाज. तेवढा एकच खटला तुमच्यावर खरा उभा राहतो: बेअरिंग गेलेले आहे, पंखा बदला. गादीवर, रजईवर ठेवलेल्या लॅपटॉपबद्दल वेगळे लिहीत नाही. तळाची हवा घेण्याची जाळी कापसाने बंद केल्यावर काय होते ते मालकांनाही ठाऊक असते.

हवामानाचा आक्षेप मात्र वजनदार आहे. ॲपल आपल्या लॅपटॉपांसाठी भोवतालचे तापमान ३५ अंशांपर्यंतच असावे असे सांगते. नागपूर-चंद्रपूरकडे एप्रिल-मेमध्ये बाहेर पंचेचाळीस पार होते आणि कूलर नसलेल्या खोलीत चाळिशी सहज असते. तुम्ही हवा थंड करत नाही, फक्त हलवता, त्यामुळे तुमचे सगळे भांडवल म्हणजे चिप आणि खोली यांच्या तापमानातला फरक. चिपची मर्यादा शंभर अंश धरली तर २५ अंशांच्या खोलीत तो फरक ७५ असतो, ४२ अंशांच्या खोलीत ५८. जवळपास पाव भाग गेलाच. पण म्हणून विदर्भातल्या उन्हाळ्यात पंखा फिरणारच असे म्हणून हात झटकता येत नाहीत. भांडवल कमी असताना उधळपट्टी आधी थांबवायची असते. तिथल्या मालकाने टर्बो बंद करावा: विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल स्थिती शंभरावरून ९९ टक्क्यांवर आणली की बऱ्याच लॅपटॉपांत तेवढ्याने ते साधते. अर्ज टाइप करण्यात फरक पडत नाही, तुमच्या वेगात पडतो.

सर्वांत आधुनिक आक्षेप असा की पंखा ही चीजच कालबाह्य आहे. नोव्हेंबर २०२० पासून ॲपलचा एम१ मॅकबुक एअर पंख्याविनाच चालतो. खरे आहे, आणि ते माझ्याच बाजूचे आहे. त्यात पंखा गप्प केलेला नाही; चिपच इतकी कमी वीज घेते की तुमची गरज उरली नाही. आणि मोठा व्हिडिओ तासभर एक्स्पोर्ट करायला लावला की तीही तापते आणि स्वतःचा वेग उतरवते. पंख्याच्या मुसक्या बांधणाऱ्यांना याच्या उलटे हवे असते: उष्णता तीच, फक्त आवाज नको. त्यांच्या लॅपटॉपलाही शेवटी वेग उतरवावाच लागतो, आणि मग तेच लोक यंत्र संथ झाले म्हणून नवे घ्यायला निघतात.

एक तक्रार मात्र मला मान्य आहे. सामान्य माणसाने लॅपटॉप घेतला तो काम करायला, थ्रेड मोजायला नव्हे. बँकेतल्या कारकुनाने, आठवीतल्या मुलीने, निवृत्त शिक्षकाने झरोक्याला हात लावून निदान का करावे? करू नये, हेच योग्य. ते काम ज्यांचे आहे त्यांनी करावे: ॲप बनवणाऱ्यांनी, न दिसणाऱ्या टॅबला झोपू न देणाऱ्या जाहिरातवाल्यांनी, ५५ वॅटची चिप १५ वॅटच्या खोक्यात बसवणाऱ्या कंपन्यांनी. ते करत नाहीत तोवर पंखेराव, तुम्ही निर्दोष आहात. तुमची बदली नामंजूर, तुमच्यावर बसवलेले गप्प करणारे सॉफ्टवेअर रद्द, आणि तुमच्यावरचे सर्व अर्ज टास्क मॅनेजरच्या पहिल्या ओळीकडे वर्ग करण्यात येत आहेत.

कळावे, लोभ असावा.

ता. क. हे पत्र वाचणाऱ्या लॅपटॉपमालकांसाठी: निदान करणे तुमचे काम नव्हे, पण यंत्र दुरुस्तीला देताना ‘पंखा वाजतो’ एवढेच सांगू नका. प्रोसेसरचे तापमान किती होते, झरोक्यातली हवा गरम होती की कोमट, आणि टास्क मॅनेजरमध्ये वर कोण होते, या तीन गोष्टी कागदावर लिहून द्या, आणि त्या वाचल्याशिवाय कुणी नवा पंखा बसवायला निघाले तर यंत्र परत मागा.