आहे, आत आहे!

दुर्मिळ कॅटफिश पाळणाऱ्या माणसाच्या घरी गेलात, तर दिवाणखान्यात अगदी मोक्याच्या जागी चार फुटी काचेची टाकी दिसते. टाकीत वाळू, दगडगोटे, एखादं काळंकुट्ट लाकूड, मातीची नळकांडी आणि भरपूर पाणी. मासा नाही. तुम्ही भिडस्त असाल तर गप्प बसता, नसाल तर विचारता, "मासे कधी आणणार?" तो माणूस दुखावत नाही. समाधानानं हसतो आणि म्हणतो, "आहे. आत आहे."

आमचे दाजी या जातीचे. पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतात, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. पाण्याची ओढ नोकरीतनं लागली म्हणावं, तर खात्यात ते हिशेब बघायचे. सोसायटीत त्यांना 'मासेवाले काका' म्हणतात. त्यामुळे नवा वॉचमन आला की पहिल्या रविवारी कुणीतरी पिशवी घेऊन दारात उभं राहतं आणि सुरमईचा भाव विचारतं.

गोल्डफिश पाळणाऱ्यांचा दाजींना राग नाही, कीव आहे. "दिसतात हो ते," एवढंच म्हणतात. पण कुणी टाकीत वाकून "अहो, हा तर सकर! काच साफ करतो तोच ना?" असं म्हटलं, की दाजींचा चेहरा पडतो. दुकानात पन्नास-शंभर रुपयांना मिळणारा, काचेला तोंड चिकटवून बसणारा तो सकर वेगळा आणि दाजींचा झेब्रा प्लेको वेगळा. मग पाहुण्याला सोफ्यावर बसवून शिकवणी सुरू होते. हा ब्राझीलच्या शिंगू नदीचा. जगात दुसरीकडे कुठेही नाही. जेमतेम तीन इंच, अंगावर काळे-पांढरे पट्टे. नुसत्या शेवाळावर भागत नाही, त्याला मांसाहारही लागतो. शास्त्रीय नाव मिळालं १९९१ साली, आणि लोक त्यावर असे तुटून पडले की ब्राझीलला त्याची निर्यात बंद करावी लागली. त्यात नदीवर बेलो मोंतेचं धरण आलं आणि नेमक्या त्याच्या टापूतलं पाणी दुसरीकडे वळलं. उभी हयात धरणांचे हिशेब तपासण्यात गेलेला हा माणूस त्या धरणाला ज्या शिव्या घालतो, त्या ऐकून पाहुणा चहा न घेताच उठतो.

या माशांना नावापेक्षा नंबर महत्त्वाचा. दक्षिण अमेरिकेतून नवनवे प्लेको इतक्या झपाट्यानं यायला लागले की शास्त्रज्ञांना बारशी उरकेनात. तेव्हा १९८८ साली एका जर्मन मत्स्यालय मासिकानं त्यांना 'एल' लावून क्रमांक द्यायला सुरुवात केली. झेब्रा प्लेको म्हणजे एल-४६. रात्री जेवताना दाजी कौतुकानं सांगतात, "शेहेचाळीस आज बाहेर आला होता." त्यांच्या आईंना आजही वाटतं की ही बसची गोष्ट चाललीय. "आजकाल वेळेवर कुठे येतात?" म्हणून त्या दुजोरा देतात. दाजींनाही ते पटतं.

किमतीबद्दल विचारू नये. ताईला सांगायची किंमत एक, मित्रांत चालणारी दुसरी. पहिलीत एक शून्य कमी असतं.

नवा मासा येतो तो बहुधा रात्रीच्या बसनं, थर्माकोलच्या खोक्यात, ऑक्सिजन भरलेल्या पिशवीतून. आमची आई कोल्हापूरहून येते तेव्हा "स्वारगेटला रिक्षा मिळते की" म्हणणारे दाजी माशासाठी पहाटे चारला मफलर गुंडाळून हजर असतात. घरी आणला म्हणजे मासा लगेच टाकीत गेला असं नाही. त्याला आधी बादलीत ठेवायचं. मग औषधांच्या दुकानातून आणलेल्या सलाईनच्या नळीचं एक टोक टाकीत आणि दुसरं बादलीवर. नळीवरचं चाक दाबून टाकीतलं पाणी थेंबाथेंबानं बादलीत सोडायचं, म्हणजे नव्या पाण्याची सवय त्याला हळूहळू होते. दाजी पाटावर बसून थेंब मोजत राहतात. शेजारी चहावर साय धरते. एकदा पेपर टाकणाऱ्या पोरानं दारातून ही नळी बघितली आणि हळू आवाजात विचारलं, "काका, घरात कोण आजारी आहे?"

बरं, लाड इथे संपत नाहीत. झेब्राला पाणी तीस अंशांच्या आसपास लागतं. डिसेंबरात टाकीतला हीटर चोवीस तास चालू, आणि ताई गार फरशीवर मोजे घालून वावरते. नळाचं पाणी थेट टाकीत ओतायचं नाही, त्यातलं क्लोरीन उडायला हवं. म्हणून बाल्कनीत पिंपांची रांग आणि कपडे वाळत घालायला जागा नाही. कॅटफिशला खवले नसतात, औषधं त्याला सोसत नाहीत, म्हणून घरात डासांचा फवारा बंद. शाकाहारी प्लेकोंना काकडी लागते. ती तरंगू नये म्हणून दाजी काप स्टीलच्या चमच्यात खोचून तळाला सोडतात. सकाळी चमचा बाहेर काढून प्रकाशात धरतात आणि कापाच्या कडेला पडलेले खरवडल्याचे बारीक चर सगळ्यांना दाखवतात. "बघा, आहे." पुराव्यानिशी सिद्ध झालेला मासा त्यांना दिसलेल्या माशापेक्षा जास्त प्रिय. हळदीकुंकवाला मात्र ताईला चमचे कमी पडतात.

दाजींच्या टाकीत एकच मासा लोकांना हमखास दिसतो, तो म्हणजे कांगोचा सिनोडोंटिस. हा बराच वेळ पोट वर करून, पाठ खाली ठेवून पोहतो. निसर्गानं त्याची रंगसंगतीही उलटी केलीय, पोट गडद आणि पाठ फिकी. शेजारचा पिंटू पहिल्यांदा आला आणि त्यानं जिना उतरेपर्यंत "काकांचा मासा मेला" अशी दवंडी पिटली. संध्याकाळी दोन घरचे लोक भेटायला आले. दाजींनी त्यांना मासा दाखवला, तो पाहुण्यांकडे पोट करून निवांत फिरत होता. लोकांचं समाधान झालं नाही.

खरा सोहळा रात्री अकरानंतर. घरातले दिवे बंद होतात, टीव्ही बंद, पंखासुद्धा कमी. दाजी बॅटरीला लाल जिलेटिनचा कागद बांधून टाकीसमोर स्टुलावर बसतात. लाल उजेडाला हे मासे फारसे बुजत नाहीत. लाकूड खरवडणारा पनाक कामाला लागला की काचेला कान लावून त्याची कुरकुर ऐकायची. मला एकदा तो मान मिळाला. मी फिल्टरचा आवाज ऐकून "वा!" म्हटलं, दाजींनी मानेनं दाद दिली. समोरच्या इमारतीतल्या आजींनी मात्र अंधारात लाल उजेडात वाकलेला हा माणूस पाहून ताईला एका महाराजांचा पत्ता दिलाय.

वीज गेली की दाजींचा हात आधी मेणबत्तीकडे जात नाही, तांब्याकडे जातो. फिल्टर बंद म्हणजे पाण्यातली हवा कमी. म्हणून टाकीतलंच पाणी तांब्यानं उचलून उंचावरून पुन्हा टाकीत सोडत बसतात. "एवढा अभिषेक देवाला केला असता तर..." ताई म्हणते आणि दुसरा तांब्या घेऊन शेजारी उभी राहते. चिडते, पण तिची धार दाजींच्या धारेपेक्षा उंच पडते.

२०२४ साली परदेशी दुर्मिळ प्राण्यांची सरकारदरबारी नोंद करण्याचा नियम आला. सोसायटीत बातमी पोचायच्या आत दाजींनी फाईल तयार केली. सोबत फोटो असलेला बरा म्हणून कॅमेरा लावून बसले, आणि हाती लागली ती शेपटी. ताई म्हणाली, "आता रेशनकार्डावरही चढवा." दाजींनी क्षणभर विचार केल्यासारखं वाटलं.

मला या माणसाबद्दल आदर वाटतो तो एका वेगळ्या कारणानं. एकदा संगमावरच्या पुलावरून जाताना दाजींनी गाडी कडेला घ्यायला लावली आणि खाली बोट दाखवलं. मुळा-मुठेतल्या एका लहानशा कॅटफिशचं वर्णन सुंदरलाल होरा यांनी १९३८ साली केलं आणि त्याला पुण्याचं नाव दिलं: ग्लिप्टोथोरॅक्स पूनाएन्सिस. छातीवरच्या कातडीच्या घड्यांनी तो वाहत्या पाण्यात दगडाला चिकटून राहतो. खाली पाहिलं तर जलपर्णी, फेस आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या. मी सवयीनं विचारलं, "आत आहे?" दाजी काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तो मी कधी पाळणार नाही. त्याला टाकी नको, नदी हवी."

तेव्हा एक विनंती. हौसेनं आणलेला तुमचा सकर फूटभर झाला आणि टाकीत मावेना, तर पुण्य म्हणून त्याला नदीत किंवा तळ्यात सोडू नका. दक्षिण अमेरिकेतला हा मासा आपल्याकडच्या पाण्यात पसरलाय, उजनीच्या जलाशयातसुद्धा. तो काठ पोखरतो, इथल्या माशांचा घास खातो आणि त्याच्या काटेरी अंगानं मच्छीमारांची जाळी फाटतात. त्यापेक्षा तुमच्या ओळखीतले असे एखादे दाजी शोधा. ते आधी नाक मुरडतील, "सकर?" म्हणतील आणि मग पिंपाकडे हात करून सांगतील, "ठेवा तिथे." फक्त आधी त्यांच्या बायकोला फोन करा.