खांबावरची पांढरी डबी

आमच्या ऑफिसच्या इमारतीला खिडक्या भरपूर आहेत, फक्त त्या उघडत नाहीत. बाहेर पुण्यातली डिसेंबरची सकाळ असो की एप्रिलची दुपार, आत बारा महिने २४ अंश. निदान ठरलंय तरी तसं. प्रत्यक्षात छताच्या जाळीखाली बसणाऱ्या अकाउंट्सच्या बाई शाल पांघरून बिलं तपासतात आणि पश्चिमेच्या काचेला पाठ करून बसलेला पोरगा चार वाजता फाइलने वारा घेत असतो. दोघांच्या मधे खांबावर एक पांढरी डबी आहे. ती म्हणते २४.१. म्हणजे सगळं आलबेल.

डबीच्या आत फारसं काही नसतं. एक इवलासा मणी असतो. २५ अंशाला त्याचा विद्युतरोध १०,००० ओहम, आणि उकाडा वाढला की रोध उतरतो. एएचयू रूममधला, म्हणजे हवा गार करून मजल्यावर सोडणाऱ्या यंत्राच्या खोलीतला कंट्रोलर तो रोध वाचतो, त्याचं तापमान करतो आणि ठरलेल्या आकड्याशी वजाबाकी मांडतो. मग गार पाण्याच्या पाइपवरच्या व्हॉल्व्हला हुकूम जातो, तोही व्होल्टमध्ये: शून्य म्हणजे बंद, दहा म्हणजे पूर्ण उघडा, पाच म्हणजे अर्धा. पाणी गार करणाऱ्या चिलरकडून साधारण ७ अंशाचं पाणी येतं, आपल्या घामाची उष्णता घेऊन १२ अंशाचं होऊन परत जातं. मोजायचं, वजा करायचं, व्हॉल्व्ह हलवायचा, पुन्हा मोजायचं. एवढ्या कामासाठी लोक 'ऑटोमेशन' असा भारदस्त शब्द वापरतात.

खरा पेच व्हॉल्व्ह किती हलवायचा हा. ते ठरवणाऱ्या सूत्रात तीन पदं असतात, आणि ती मला लग्नघरातल्या तीन नातेवाइकांसारखी वाटतात. पहिले मामा. पंगतीत आत्ता जेवढं कमी दिसतंय त्या मानानेच ते धावतात. कमतरता थोडी उरली की त्यांचं धावणंही थोडं, त्यामुळे त्यांच्या हातून काम जवळजवळ होतं, पुरतं होत नाही. दुसऱ्या आत्या. काय काय कमी पडलं याची बेरीज त्यांच्या वहीत असते, आणि बारीकशी उणीव उरली तरी ती भरून निघेपर्यंत त्या मागे लागतात. तिसरे काका. अजून काही बिघडलेलं नसतं, पण लक्षण बघून ते आधीच ओरडतात. इमारतींच्या कामात काकांना बहुधा गप्प बसवून ठेवतात, कारण सेन्सरचा आकडा जरा थरथरला की ते उठतात आणि व्हॉल्व्ह बिचारा उघडझाप करून झिजतो. घर चालतं ते मामा आणि आत्यांवर. आत्यांची मात्र एक खोड आहे. रात्री यंत्रणा बंद, इमारत तापतेय, करण्यासारखं काही नाही, तरी त्या वहीत उणिवा मांडत बसतात. सकाळी पंखे सुरू झाले की रात्रभराची थकबाकी एका दमात वसूल! व्हॉल्व्ह सताड उघडा, आणि नऊला आलेली माणसं दहापर्यंत कुडकुडतात. नीट प्रोग्रॅम करणारा माणूस रोज रात्री ही वही कोरी करायची सोय करतो. आमच्याकडे आलेला बहुतेक घाईत होता.

हे सगळं सुरू झालं एका प्राध्यापकाच्या वैतागातून. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर नावाच्या गावी शिक्षक घडवणारी एक शाळा होती, आणि तिथे वॉरन जॉन्सन शिकवायचे. थंडीच्या दिवसांत तास चालू असतानाच शिपाई वर्गात यायचा, थर्मामीटर बघायचा आणि तळघरात जाऊन भट्टीच्या झडपा कमीजास्त करायचा. जॉन्सननी १८८३ साली अशा उपकरणाचं पेटंट घेतलं की वर्गातल्या तापमानाची वर्दी विजेच्या घंटेने थेट तळघरात जावी. शिपायाचं येणं थांबलं. दोन वर्षांनी मिलवॉकीत त्यांची कंपनी निघाली. पुढे घंटाही गेली आणि नळ्यांतून जाणारी दाबाखालची हवा परस्पर झडपा हलवू लागली. मग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हवेचं काम संगणकाच्या आकड्यांकडे आलं. प्राध्यापकांचा वैताग मला समजतो, पण माझा ओढा शिपायाकडे आहे. तो थर्मामीटर बघायला येत असला, तरी जाता जाता हात चोळणारी पोरंही त्याला दिसत असतील. डबीला पोरं दिसत नाहीत. तिला खांब दिसतो.

खांबाशेजारी काय आहे यावर मग मजल्याचं नशीब ठरतं. गेल्या उन्हाळ्यात कुणीतरी कॉफीचं मशीन नेमकं डबीखाली आणून ठेवलं. डबीला २७ दिसू लागले, आत्या कामाला लागल्या आणि अख्खा मजला गारठला. गारठलेली माणसं कॉफी प्यायला जाऊ लागली. जितकी कॉफी तितकं मशीन गरम, जितकं मशीन गरम तितका व्हॉल्व्ह उघडा, जितका व्हॉल्व्ह उघडा तितकी कॉफी. पडद्यावर कुठेही बिघाडाचा लाल दिवा नव्हता. यंत्रणेच्या दृष्टीने ती एका तापलेल्या मजल्याला जिवाच्या आकांताने वाचवत होती.

माणसाला बरं कधी वाटतं याचा हिशेब डेन्मार्कच्या पी. ओ. फँगर यांनी १९७० साली पुस्तकरूपाने मांडला. त्यांनी सहा गोष्टी धरल्या: हवेचं तापमान, भोवतालच्या भिंती-काचांची उष्णता, वाऱ्याचा वेग, दमटपणा, अंगावरचे कपडे आणि चाललेलं काम. आमची डबी सहातली एक बघते. काचेपाशी बसलेल्या पोराच्या भोवतालची हवा २४ अंशच असते, पण त्याला भाजते ती काच. बाईंना हवा नाही, जाळीतून मानेवर पडणारा झोत गारठवतो. शिवाय ऑफिसांचे नियम बसवताना माणूस म्हणून धरला तो पुरुष, असं नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांनी २०१५ साली दाखवलं. बायकांचं शरीर बसल्या कामात त्याहून कमी उष्णता तयार करतं. म्हणजे शालीमागे शास्त्र आहे, नाजूकपणा नाही. फँगरांच्या हिशेबात मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी की सगळं अगदी जमून आलं तरी निदान ५ टक्के माणसं नाराज राहणारच. सूत्रातच तसं आहे. कुरकुरीला इतकी सन्मानाची जागा दुसऱ्या कुठल्या शास्त्राने दिली असेल असं वाटत नाही.

ही नाराजी झेलायला तळघरातल्या बीएमएस रूममध्ये, म्हणजे इमारतीच्या यंत्रणेवर लक्ष ठेवणाऱ्या खोलीत, एक साताऱ्याचा ऑपरेटर बसतो. फोन आला की त्याचं उत्तर ठरलेलं: "हो मॅडम, केलं बघा." काय करतो विचारलं तर म्हणाला, "अर्धा डिग्री इकडं. दहा मिनिटांत दुसऱ्या बाजूचा फोन येतोच, मग अर्धा डिग्री तिकडं." काही इमारतींत तर भिंतीवर नुसतं दाखवायला बटण लावतात, मागे वायरच नसते, आणि तक्रारी खरंच कमी होतात म्हणे. त्याला मी हे सांगितलं तेव्हा तो हसला नाही. बटण कितीला पडतं ते विचारलं.

सात वाजता शेड्यूलप्रमाणे थंडावा बंद होतो. त्यानंतर हाउसकीपिंगच्या बायका मजल्यावर येतात, खुर्च्या सरकवतात, व्हॅक्यूम क्लीनर ओढतात, लाद्या पुसतात. फँगरांच्या कोष्टकात अशा कामाची उष्णता बसून टायपिंग करणाऱ्याच्या दुप्पट तरी भरते. मी ऑपरेटरला विचारलं, "दादा, यांच्यासाठी थोडा वेळ चालू ठेवता येत नाही का?"

"यायला काय, दोन क्लिकचं काम आहे साहेब. पण शेड्यूलमध्ये दोनच मोड आहेत, माणसं आहेत आणि माणसं नाहीत. सातनंतर नाहीत." मग जरा थांबून म्हणाला, "तुम्ही असं करा, ॲडमिनला मेल टाका."

मेल टाकलाय. किती माणसं, त्यांची कारणासहित यादी जोडा, असं उत्तर आलंय.