हवाई अंतर

बिदर ते बंगळूर, एक तास दहा मिनिटं. हे वाक्य मी लग्नात ऐकवलंय, तेराव्याला ऐकवलंय, भालकीच्या स्टँडवर अनोळखी माणसालाही ऐकवलंय. समोरच्यानं 'बंगळूर' म्हणायचा अवकाश. तो बिचारा रात्रभर रेल्वेत अंग आंबवून आलेला असतो. त्याला 'चहा संपेपर्यंत उतरायची वेळ होते हो' म्हणताना जे सुख लाभतं, ते खुद्द विमानात लाभलेलं नाही. तिथं कान दुखत होते.

खरं तर बिदरच्या माणसाला विमानाचं अप्रूप नसावं. गावाला हवाई दलाचा तळ. कसरती करणारं सूर्यकिरण पथक १९९६ साली इथंच उभं राहिलं. गच्चीवर पापड वाळत घालावेत, तर वरून नऊ विमानं बाणाच्या आकारात उलटीपालटी होत जायची. मी आ वासून बघायचो आणि आजी मान वर न करता म्हणायची, "त्यांचं जाऊ दे, तू पापडावर सावली पाडू नको." आमच्या पोरांनी जेवढी विमानं बघितली तेवढी मुंबईच्या पोरांनीही बघितली नसतील. फक्त एकातही बसायची सोय नव्हती. २००८ साली हैदराबादचं शमशाबाद विमानतळ सुरू झालं. करारात अट होती, दीडशे किलोमीटरच्या आत दुसरं विमानतळ नको. बिदर नेमकं आत. इकडं प्रवाशांसाठी इमारत बांधून तयार, पण तिला कुलूप. आमच्याच डोक्यावरचं आकाश कुणीतरी कागदावर सही करून दुसऱ्याला देऊन टाकलं होतं आणि आम्हाला कुणी विचारलंही नव्हतं. त्याचा राग अजून जात नाही. अखेर ७ फेब्रुवारी २०२० ला पहिलं विमान उडालं, आणि दीड महिन्यात टाळेबंदी! पुढंही सेवा बंद पडली, सुरू झाली, परत बंद, परत सुरू. आमच्या नळाच्या पाण्यासारखी.

विमानतळ तसं गुलबर्ग्यालाही आहे, २०१९ पासून. पण बिदरहून तिथं विमानानंच जायचा हट्ट धरला तर आधी बंगळूर गाठावं लागायचं आणि तिथून परत उत्तरेला यावं लागायचं. जवळजवळ हजार किलोमीटर. रेल्वेनं एकशे दहा. ती रेल्वेही काय सहज आली? बहामनी सुलतान अहमदशहानं पंधराव्या शतकात राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला आणली. या दोन गावांमध्ये थेट रूळ पडायला २०१७ चा ऑक्टोबर उजाडला.

गुलबर्ग्याला माझी मावशी असते. आईच्या पाठची आता तेवढीच. बंगळूरला मी तासाभरात पोचतो हे तिला फोनवर अनेकदा सांगून झालं होतं. एकदा ती म्हणाली, "मग हिकडं यायला तुला वर्सं कशी लागतात रे?" मी रेंज नसल्याचं सांगून फोन ठेवला. पुढच्याच रविवारी सकाळची गाडी पकडली.

बॅगेला बंगळूरच्या प्रवासाची कागदी पट्टी तशीच होती. ती मी काढत नाही. निघताना फक्त दर्शनी बाजूला फिरवून घेतली.

मावशीनं दारातच कडाकडा बोटं मोडली, पट्टी बघितली आणि शेजारच्या काकूंना हाक मारली, "भाचा आला माझा. विमानानं!"

मी गप्प.

"अगंबाई! म्हणजे सरडगीच्या विमानतळावरून आलात?" काकू म्हणाल्या. "लांब पडतं की हो. रिक्षावाल्यानं किती घेतले?"

"चारशे."

"लुटलं मेल्यानं!" मावशी कळवळली.