जतनाची पुणेरी रीत

१८४८ साली पुण्यात, बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात जोतिराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, तेव्हा विरोधकांना फार कष्ट पडत. शेण-चिखल गोळा करायचा, वाटेत उभं राहायचं, वर नेमही धरायचा. पुढच्या पिढ्यांनी सुधारलेली रीत शोधली : काहीच करायचं नाही. ऊन, पाऊस आणि कोर्टाच्या तारखा बिनपगारी कामाला लागल्या. समोर दगडूशेठ गणपतीपुढे भक्तांची रांग. इकडे वाड्याच्या भिंती ढासळत होत्या.

३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, मात्र हार यायचे, भाषणं व्हायची, राष्ट्रीय स्मारकाचं आश्वासन पुन्हा दिलं जायचं. आश्वासनाची डागडुजी वेळच्या वेळी झाली. वाड्याची तेवढी राहून गेली. अखेर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदार भाडेकरूंच्या विरोधात कौल दिला आणि डिसेंबरात महापालिकेने एका रात्रीत वाडा जमीनदोस्त केला. यंत्रणेला चपळाई येते, फक्त पाडायचं असलं की!

वारसा जपण्याचा आपला खात्रीचा मार्ग हाच : आधी वास्तू पडू द्यावी, मग तिचं भव्य स्मारक बांधावं. स्मारकाचं छप्पर गळत नाही; निदान उद्घाटनापर्यंत तरी.